यामागुचीचा प्रश्न

२९ जानेवारी १५५२ रोजी फ्रान्सिस झेवियरने कोचीनहून युरोपातील आपल्या जेझुइट बांधवांना एक दीर्घ पत्र लिहिले. जपानमध्ये सव्वादोन वर्षे धर्मप्रसार करून तो नुकताच परतला होता. ज्याचे अवशेष जुन्या गोव्यातील बॅसिलिकेत आहेत आणि ज्याला तेथील भाविक ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तो हाच झेवियर. यामागुची या शहरातील लोकांनी त्याला एक शंका विचारली होती. तुमचा देव जर परमदयाळू आहे, तर त्याने आजवर आम्हांला स्वतःची ओळख का दिली नाही? त्याला न भजणारे नरकात जातात हे खरे असेल, तर आमच्या पूर्वजांवर त्याने दया केली नाही असेच म्हणावे लागेल.

झेवियरने उत्तर दिले की, हत्या करू नये, चोरी करू नये, हे नियम कोणी शिकविण्याआधीच देवाने प्रत्येकाच्या अंतःकरणात लिहिलेले असतात. या उत्तराने अनेकांचे समाधान झाले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला, असे तो नोंदवितो. पण खरी अडचण त्यानंतर आली. बाप्तिस्मा घेतलेले हे लोक आपल्या मृत आईवडिलांसाठी, पत्नीसाठी, मुलांसाठी रडू लागले. दानधर्माने किंवा प्रार्थनेने त्यांना नरकातून सोडविता येईल का, असे ते विचारीत. तेथील बौद्ध भिक्षू तसे आश्वासन देत असत. झेवियरला ते देता येईना. उपाय नाही, असे त्याने सांगितले. निदान हे लोक तरी स्वतःच्या तारणाविषयी बेफिकीर राहणार नाहीत, असा विचारही तो पत्रात मांडतो. मात्र ज्यांच्यावर आपला जीव जडला आहे असे मित्र उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, हे तो लपवीत नाही.

या पत्राकडे धर्मप्रसाराचा एक दस्तऐवज म्हणून पाहण्याची रीत आहे. आम्हांला त्यात याहून महत्त्वाचे काही दिसते. ‘अश्रद्धेसाठी अनंत शिक्षा न्याय्य आहे काय?’ हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या शत्रूंनी खोडसाळपणे काढला, असे पुष्कळदा मानले जाते. इथे तो विचारणारी माणसे ख्रिस्ती झालेली होती, आणि तिची कारणे तर्कापेक्षा मायेत होती. उत्तर देणारा संतही त्या उत्तराने सुखी नव्हता. हा प्रश्न श्रद्धेच्या आतलाच आहे, आणि त्याचा इतिहासही तेच सांगतो.

तो इतिहास फार मागे जातो. तिसऱ्या शतकातील ऑरिजेनला असे वाटत होते की, देवाची शिक्षा ही वैद्याच्या उपचारासारखी असते आणि अखेरीस सर्व जीव देवाकडे परततील. पुढे सहाव्या शतकात त्याच्या मतांचा धिक्कार झाला. पाश्चात्त्य चर्चमध्ये निर्णायक ठरले ते संत ऑगस्टीनचे मत. ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात त्याने दयाळू वृत्तीच्या ख्रिस्ती माणसांशीच वाद घातला आहे. म्हणजे पाचव्या शतकातही श्रद्धावंतांमध्ये असे लोक होते. त्याचे दोन मुद्दे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात जीवन आणि शिक्षा या दोहोंना एकच विशेषण लावलेले आहे. जीवन अनंत मानायचे तर शिक्षाही अनंत मानली पाहिजे, हा पहिला. गुन्हा घडायला लागलेल्या वेळावरून शिक्षेची मुदत ठरत नसते, खून क्षणात होतो, हा दुसरा. मध्ययुगात याला आणखी एका युक्तिवादाची जोड मिळाली. अपराधाचे गांभीर्य ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवर अवलंबून असते. देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचे पापही अनंत, आणि शिक्षाही तशीच.

हा युक्तिवाद ज्या समाजात जन्मला तिथे राजाचा अपमान आणि कुळाचा अपमान यांना वेगवेगळी शिक्षा होती. अपराध्याची कुवत किती आणि त्याला समज किती होती, हे त्यात मोजलेच जात नाही. आपण मात्र न्यायाचा विचार करताना तेच आधी पाहतो. अजाण बालकाने राजाच्या मुकुटाला लाथ मारली म्हणून कोणी त्याला राजद्रोही ठरवीत नाही.

ही उणीव मध्ययुगीन पंडितांना दिसली नव्हती असे नाही. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच स्पष्ट केले होते की, ज्यांनी शुभवर्तमान कधी ऐकलेच नाही त्यांची अश्रद्धा हे पाप नव्हे. ते शिक्षेस पात्र ठरतात ते इतर पापांमुळे. रानात वाढलेला माणूस विवेकाने वागला, तर देव त्याला अंतःप्रेरणेने किंवा एखादा उपदेशक पाठवून सत्य कळवील, असाही त्याचा विश्वास होता. दान्तेला मात्र एवढ्याने स्वस्थता लाभली नाही. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या स्वर्गखंडात, एकोणिसाव्या सर्गात, सिंधू नदीच्या काठी जन्मलेल्या एका माणसाचा उल्लेख येतो. तिथे ख्रिस्ताविषयी बोलणारे, लिहिणारे कोणी नाही. त्या माणसाचे आचरण निर्दोष आहे. तो बाप्तिस्म्यावाचून मरतो. त्याला दोषी ठरविणारा हा न्याय कोणता? दान्तेला मिळणारे उत्तर कठोर आहे : मर्त्य दृष्टीला ईश्वरी न्यायाचा तळ दिसत नाही, तेव्हा निवाडा करणारा तू कोण? तरीही लगेच पुढच्या सर्गात ट्राजान हा रोमन सम्राट आणि रिफिअस हा ट्रॉयचा वीर स्वर्गात भेटतात. सिद्धान्त न मोडता त्याला फट पाडण्याचे काम इथे कवीने केले आहे. त्याचा लाडका गुरू व्हर्जिल मात्र नरकाच्या उंबरठ्यावरच राहतो.

दान्तेनंतर सव्वाशे वर्षांच्या आतच, १४४२ मध्ये, फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेतून निघालेल्या आज्ञापत्राने चर्चबाहेरचे सारे, मग ते मूर्तिपूजक असोत वा ज्यू वा पाखंडी, मरणापूर्वी चर्चमध्ये न आल्यास अनंत अग्नीत जातील असे जाहीर केले. झेवियर यामागुचीत बोलत होता तो या परंपरेतून.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न काशीत संस्कृतात विचारला गेला, आणि विचारणारा मराठी होता. नीलकंठशास्त्री गोरे या चित्पावन तरुणाने १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला, तो जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मंडनाला उत्तर म्हणून. पूर्वकर्म मानायचे नाही आणि जीव देवाने नव्याने निर्माण केला म्हणायचे, तर त्याच्या दुःखाचे व दुर्गतीचे दायित्व देवावरच येते, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा. यामागे आपल्याकडची एक सार्वत्रिक धारणा आहे. आपल्या पुराणांतील नरक भयंकर आहेत, पण कर्मफळ भोगून संपले की जीव तेथून सुटतो. (मध्वाचार्यांनी काही जीवांना कायमचा अंधतामिस्र सांगितला आहे, तेव्हा अनंत नरकाची कल्पना भारतीयांना सर्वस्वी परकी होती, असे म्हणता येणार नाही.) हे खंडन लिहिणारे गोरे १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोरे झाले, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती वाटचालीवरही त्यांचा प्रभाव पडला. प्रश्न विचारणारा आणि श्रद्धा स्वीकारणारा माणूस एकच असू शकतो, एवढे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हा प्रश्न नोकऱ्या घालवू लागला. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. ग्रीक ‘आयोनिओस’ या शब्दाचा अर्थ ‘कधीही न संपणारे’ असा काळाच्या मापाने घेऊ नये, तो ईश्वरी जीवनाचा गुण सांगतो, असे त्यांनी आपल्या निबंधांत मांडले. १८५३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मॉरिस यांचे स्नेही जॉन विल्यम कोलेन्सो दक्षिण आफ्रिकेत नाताळचे बिशप झाले. झुलू लोकांमध्ये राहताना त्यांच्यासमोरही, यामागुचीप्रमाणेच, पूर्वजांना मानणारी माणसे होती. त्यांनी मात्र झेवियरचे उत्तर दिले नाही. १८६१ मध्ये रोमकरांस पत्रावरील भाष्यात त्यांनी अनंत शिक्षेचा सिद्धान्तच नाकारला, आणि पाखंडाच्या आरोपाला ते सामोरे गेले. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने एका धर्मोपदेशकाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा इंग्लंडच्या चर्चमध्ये गुन्हा ठरत नाही. निषेधाच्या जाहीरनाम्यावर सुमारे अकरा हजार धर्मोपदेशकांनी सह्या केल्या.

रोमन कॅथलिक चर्चचा प्रवास संथ, पण दिशा तीच. ‘चर्चबाहेर तारण नाही’ या वचनाचा अगदी शब्दशः अर्थ धरून बसलेल्या लिओनार्ड फीनी या अमेरिकन धर्मगुरूला १९५३ मध्ये चर्चनेच बहिष्कृत केले. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्‌सद्‌विवेकाला जागून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. यामागुचीच्या पूर्वजांना आशा दिली जाण्यासाठी चारशेहून अधिक वर्षे लागली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग उरतो. ज्याने शुभवर्तमान ऐकले, प्रामाणिकपणे विचार केला, आणि ज्याला ते पटले नाही, त्याचे काय? आधुनिक समर्थक, उदाहरणार्थ सी. एस. लुईस, सांगतात की, नरक ही देवाने लादलेली शिक्षा नाही. देवाला नकार देणाऱ्याने आतून लावून घेतलेले ते दार आहे. हे उत्तर जुन्या राजद्रोहाच्या युक्तिवादापेक्षा नक्कीच उन्नत आहे. प्रेमाची सक्ती करता येत नाही, हे त्यातले सत्य आम्हांला मान्य आहे. पण द्वेषाने दार लावून घेणारा आणि ज्याला दार सापडलेच नाही असा, या दोघांत फरक आहे. विश्वास ठेवणे हे हात उचलण्यासारखे इच्छेच्या स्वाधीन नसते. जे पटत नाही ते पटल्याचे सांगणे ही लबाडी होईल, आणि ख्रिस्ताला ढोंगाचा किती तिटकारा होता हे शुभवर्तमानाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

म्हणून आमचे मत असे की, केवळ अश्रद्धेसाठी अनंत शिक्षा ही ख्रिस्ती धर्माच्या स्वतःच्या कसोटीलाच उतरत नाही. मत्तयाच्या ज्या अध्यायावर ऑगस्टीनने आपला युक्तिवाद उभारला, त्याच अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न वेगळे आहेत : भुकेल्याला अन्न दिलेस का, परक्याला घरात घेतलेस का, तुरुंगातल्याला भेटलास का? काय मानत होतास, हे तिथे विचारलेले नाही. ‘अनंत’ या शब्दाची चर्चा शतकानुशतके झाली. या प्रश्नांच्या यादीकडे तेवढे लक्ष गेले नाही.

झेवियर त्याच वर्षी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारला. त्याने दिलेले उत्तर त्याच्या चर्चने पुढे सौम्य केले. पण रडणाऱ्या मित्रांना पाहून आपल्यालाही दुःख झाले, ही त्याने प्रांजळपणे लिहिलेली ओळ त्या उत्तराहून अधिक टिकली, आणि त्याच्या धर्माच्या अधिक जवळची होती, असे आम्हांला वाटते.