कॉर्डियलची बाटली आणि कोरडी राजधानी

मराठीत ‘लिकर’ हा एकच उच्चार दोन वेगळ्या पेयांसाठी वापरला जातो आणि त्यामुळे एका जुन्या परंपरेची ओळख पुसट होते. म्हणून कोणत्याही दारूला लागू होणारा तो सर्वसाधारण शब्द बाजूला ठेवून येथे ‘लिक्यूर’ हे रूप योजले आहे. लिक्यूर म्हणजे ऊर्ध्वपातनाने, अर्थात आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करण्याच्या क्रियेने, मिळवलेल्या मद्यार्कात फळे, साली, मुळ्या, बिया किंवा फुले मुरवून आणि त्यात साखर अथवा मध घालून केलेले पेय. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा पेयात सामान्यतः लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के मद्यार्क असावा लागतो, तर ऑस्ट्रेलियाची अन्नमानके इतर खाद्यपदार्थांची चव दिलेल्या, १५ टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या पेयाला हे नाव देतात. या व्याख्या करआकारणी आणि बाटलीवरच्या चिठ्ठीसाठी पुरेशा आहेत. परंतु लिक्यूरचा इतिहास त्यांच्यात मावत नाही, कारण शतकानुशतके हे पेय औषध आणि मौज यांच्या सीमारेषेवर उभे राहिले आहे आणि ती रेषा कोठे आखायची हा प्रश्न वैद्य, मठवासी, व्यापारी व कायदेपंडित या साऱ्यांना सोडवावा लागला आहे.

लॅटिनमधील ‘विरघळवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून लिक्यूर हा शब्द आला आणि त्याचा जुना इंग्रजी पर्याय ‘कॉर्डियल’ हा ‘हृदय’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. हृदयाला उभारी देणारे ते कॉर्डियल, अशी त्याची धारणा होती. ऊर्ध्वपातनाचे भांडे आणि त्याचे ‘अल-अंबीक’ हे नाव अरबी विद्येतून युरोपात पोहोचल्यावर तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळात आर्नाल्दुस द व्हिला नोव्हा यांच्यासारख्या वैद्यांनी मद्यार्काच्या औषधी गुणांविषयी लिहिले, आणि वनस्पतींचा अर्क मद्यार्कात उतरवून तो टिकवण्याची रीत औषधशाळांत व मठांत रुळली. फ्रान्समधील कार्थुसियन संन्याशांना १६०५ मध्ये मार्शल द’एस्त्रे यांच्याकडून एका दीर्घायुष्यदायी अर्काच्या कृतीचे हस्तलिखित मिळाले, असे त्यांची परंपरा सांगते. त्यावर आधारलेला ‘वनस्पतींचा अर्क’ १७३७ मध्ये सिद्ध झाला, आणि १३० वनस्पतींपासून तयार होणारे ते ६९ टक्क्यांचे औषध आजही छोट्या बाटलीतून विकले जाते. त्याच कृतीतून उतरलेली हिरवी शार्त्रूझ ही लिक्यूर मात्र जेवणानंतर लहान पेल्यातून घुटक्याघुटक्याने घ्यायची असते. पाककृती मुळात एकच असून त्यातील एक बाटली औषधाच्या कपाटात राहिली आणि दुसरी भोजनाच्या मेजावर गेली, यापेक्षा या सीमारेषेचे अधिक बोलके उदाहरण शोधावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हा प्रवास पूर्ण झाला: नॉर्मंडीतील फेकां येथे आलेक्सांद्र ल ग्रां या व्यापाऱ्याने १८६३ मध्ये २७ वनस्पती व मसाल्यांचे ‘बेनेडिक्टिन’ बाजारात आणताना त्याला मठाच्या प्राचीन गुप्त कृतीचे वलय दिले; पेय मौजेचे झाले होते, तरी त्याची प्रतिष्ठा अजून औषधाकडूनच उसनी घ्यावी लागत होती.

भारतीय वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांची नऊ उत्पत्तिस्थाने मोजलेली आहेत: धान्यांची ६, फळांची २६, मुळांची ११, झाडांच्या गाभ्याची २०, फुलांची १०, कांडांची ४, पानांची २, सालींची ४ आणि साखरेचे १, अशी एकूण ८४ आसवे. औषधींचा काढा करून मग तो आंबवला म्हणजे अरिष्ट आणि न उकळता आंबवले म्हणजे आसव, हा भेद शार्ङ्गधरसंहितेने रूढ केला. दोन्हींत गूळ किंवा मध आणि आंबण्यास साहाय्य करणारी धायटीची फुले घालतात. येथे मद्यार्क बाहेरून मिसळलेला नसून आंबताना आपोआप तयार झालेला असतो, त्यामुळे द्राक्षासव हे काटेकोर अर्थाने लिक्यूर नव्हे. तथापि मद्यार्क वनस्पतीतील गुण ओढून घेतो, गोडवा तो घशाखाली उतरवतो आणि तयार झालेले द्रव्य वर्षानुवर्षे टिकते, हे ज्ञान दोन्ही परंपरांत समान आहे.

मद्यावर कायद्याने मर्यादा घालण्याचे विसाव्या शतकातील दोन प्रयत्न या सीमारेषेच्या संदर्भात पाहण्यासारखे आहेत, आणि त्यांपैकी एक ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, झाला. त्या राजधानीचा एक भाग उदाहरणादाखल घेऊ: आज कॅनबेराच्या उत्तर भागात वसलेला गुंगालिन हा उपनगरांचा जिल्हा नुनावाल लोकांच्या भूमीत येतो आणि त्या लोकांच्या नावाचे एक उपनगरही तेथे आहे. एकोणिसाव्या शतकात हा सारा मेंढपाळीचा माळ होता: जॉर्ज टॉमस पामर यांची जिनिनडेरा ही जहागीर, तिच्या आधाराने वाढलेले टपाल कचेरी व लोहारशाळा असलेले छोटे खेडे, विल्यम डेव्हिस यांनी १८६०च्या दशकात बांधलेली गुंगालिन ही दगडी हवेली, आणि १८७७ मध्ये ती विकत घेणारे एडवर्ड केंडल क्रेस, जे १८९२ मध्ये जिनिनडेराच्या ओढ्याला आलेल्या पुरात बुडून मरण पावले. पामर्स्टन आणि क्रेस ही उपनगरांची नावे याच इतिहासातून आली आहेत. डेव्हिस यांना क्रिकेटचे वेड होते आणि त्यांच्या जिनिनडेरा संघात आदिवासी खेळाडूही होते. जवळच्या हॉल गावाच्या वाटेवरील जुन्या खाणावळीवजा मद्यालयाचे नाव ‘क्रिकेटर्स आर्म्स’ असे होते, ही गोष्ट येथील करमणुकीविषयी पुरेसे सांगते.

१ जानेवारी १९११ रोजी हा प्रदेश न्यू साउथ वेल्सकडून संघराज्याच्या ताब्यात आला, आणि गृहमंत्री किंग ओ’मॅली यांच्या आग्रहाने त्या प्रदेशात मद्यविक्रीचे नवे परवाने देण्यास बंदी करणारा अध्यादेश लागू झाला. ओ’मॅली हे कट्टर मद्यविरोधक होते आणि दारूला ‘झोकांड्यांचा रस’ अशा अर्थाचे नाव देत. तरीही त्यांच्या कायद्याचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो ‘दारूबंदी’ या नावाने सांगितला जात असला, तरी त्याने दारू बाळगणे किंवा पिणे निषिद्ध केले नव्हते. बंदी दुकानावर होती, बाटलीवर नव्हती. त्यामुळे राजधानी बांधण्यासाठी आलेले मजूर आणि पुढे १९२७ मध्ये संसदेबरोबर आलेले कर्मचारी सीमेपलीकडच्या क्वीनबियन या गावी जाऊन पीत किंवा तेथून बाटल्या घेऊन येत. १ सप्टेंबर १९२८ रोजी रहिवाशांचे मत घेतले गेले, तेव्हा त्यांच्यासमोर चार पर्याय होते: आहे तशी स्थिती, दारू बाळगण्यावरही संपूर्ण बंदी, सरकारी नियंत्रणाखालील विक्री आणि परवानाधारक खाजगी विक्री. लोकांनी शेवटचा पर्याय निवडला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विक्री सुरू झाली.

या कायद्याच्या कितीतरी आधी, आणि त्याच्याशी संबंध नसताना, कॉर्डियल या शब्दाचे भाग्यही पालटले होते. लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून जहाजांवर लिंबाचा रस नेत आणि तो बिघडू नये म्हणून त्यात रम मिसळत. १८६७ मध्ये लिथ बंदरातील लॉकलन रोझ यांनी मद्यार्काऐवजी साखरेच्या साहाय्याने रस टिकवण्याच्या कृतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. त्यातून निघालेले ‘लाइम कॉर्डियल’ मद्यरहित होते. आज अमेरिकेत कॉर्डियल मागितल्यास लिक्यूर मिळते, आणि ऑस्ट्रेलियात मागितल्यास मुलांसाठी पाण्यात मिसळायचे फळांचे गोड सरबत मिळते. हृदयाला उभारी देणारा मद्यार्क गळून पडला, साखर उरली आणि नाव टिकले; शब्दांच्या इतिहासात असे संपूर्ण धर्मांतर क्वचितच पाहायला मिळते.

कॅनबेराच्या कायद्याने दुकानाकडे पाहिले, तर मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने थेट बाटलीत काय आहे ते पाहिले, आणि म्हणूनच कॅनबेरात न उद्भवलेला प्रश्न मुंबईत न्यायालयापुढे आला. मुंबईच्या कायद्यातील ‘दारू’ची व्याख्या मद्यार्क असलेल्या सर्व द्रवांना कवेत घेणारी होती. एफ. एन. बलसारा या नागरिकाने तिला आव्हान देताना व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअर यांच्याच जोडीला औषधी वाइन, यु-द-कोलोन, लॅव्हेंडरचे पाणी आणि मद्यार्कयुक्त औषधे बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क मागितला. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दारूबंदीचा गाभा वैध ठरवला, मात्र औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रव्यांवरील निर्बंध अवाजवी म्हणून रद्द केले. त्यानंतर १९५५च्या केंद्रीय अबकारी कायद्याने आयुर्वेदिक औषधांतील ‘स्वयंनिर्मित’ मद्यार्काचा वेगळा विचार केला आणि साध्या मद्यासारखे पिता येईल असे औषध व तसे पिता येणार नाही असे औषध, यांत फरक केला. शार्त्रूझच्या दोन बाटल्यांमधील भेद जणू विधिमंडळाच्या भाषेत उतरला होता. बलसारा यांनी एकाच दाव्यात व्हिस्की आणि औषध शेजारी बसवले, हेच त्या खटल्याचे खरे महत्त्व होय: मद्यार्काला एकच वस्तू मानणारा कायदा माणसांच्या व्यवहारातील त्याच्या अनेक भूमिकांशी टक्कर घेतल्यावाचून राहत नाही.

तिकडे कॅनबेरात, गुंगालिनच्या परिसरात, पुढचा बदल शास्त्रज्ञांनी घडवला. जुन्या गुंगालिन हवेलीच्या आवारात १९५०च्या दशकापासून सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेचा वन्यजीव विभाग काम करत होता; त्याच संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ एडगर रीक यांनी १९७१ मध्ये लेक जॉर्जजवळ आणि जीवरसायनशास्त्रज्ञ जॉन कर्क यांनी त्याच वर्षी मरमबेटमन येथे द्राक्षवेली लावल्या, आणि कॅनबेरा जिल्ह्याची वाइन जन्मास आली. ऊर्ध्वपातनाला मात्र वाट पाहावी लागली, कारण १९०१च्या संघीय कायद्याने भट्टीच्या भांड्याची किमान क्षमता २७०० लिटर ठरवली होती आणि त्यामुळे लहान कारागिराला दारच बंद होते. १९९२ मध्ये टास्मानियातील बिल लार्क यांनी या अटीतून मार्ग काढून परवाना मिळवला. त्यानंतर देशभर छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि लेमन मर्टलची पाने, भाजलेले वॉटलचे बी, टास्मानियन मिरीफळ यांसारख्या देशी वनस्पती मद्यार्कात मुरू लागल्या. लेमन मर्टलच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक सिट्रल असते, म्हणजे गवती चहाला वास देणाऱ्या घटकाचेच ते दाट रूप. चहात गवती चहा उकळणाऱ्या मराठी घराला त्याची ओळख पटण्यास वेळ लागत नाही.

गुंगालिनमध्ये आज भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. एप्रिल २०१९ पासून कॅनबेराच्या मध्यभागाला ट्रामने जोडलेल्या या जिल्ह्यात पूर्वी जेथे परवान्याची एक खिडकीही असू शकत नव्हती, तेथे दुकानांच्या फळ्यांवर साऱ्या जगाच्या लिक्यूर मांडलेल्या असतात. परवान्याशिवाय घरी दारू गाळणे ऑस्ट्रेलियात गुन्हा असला, तरी कर भरलेली दारू विकत आणून तिच्यात फळे मुरवणे मोकळे आहे, आणि लिक्यूरची साधी कृती तेवढीच आहे. उन्हाळ्यात यंग या गावाकडून येणाऱ्या चेरी किंवा परसातील आलुबुखार स्वच्छ बरणीत भरून त्यांवर साखर व ब्रँडी ओतली, की साखर फळातील पाणी बाहेर ओढते आणि मद्यार्क रंग, वास व आंबटपणा विरघळवून घेतो. मुरांब्याच्या बरणीत जे घडते त्याच्या जवळचीच ही क्रिया, आणि मराठीत दोन्हींसाठी ‘मुरणे’ हे एकच क्रियापद शोभते. गोव्यात दुकशिरीच्या, म्हणजे उपलसरीच्या, मुळ्या फेणीत टाकून ठेवण्याची रीत याच कुळातली आहे. अशा फेणीत साखर नसल्याने ती लिक्यूर ठरत नाही आणि पोटाच्या तक्रारीवर तिचा घोट घेणाऱ्याला त्याची फिकीरही नसते.

अशा पेयाचा आस्वाद घेण्याची रीत त्याच्या औषधी भूतकाळातूनच आली आहे. पेला लहान असतो, कारण मात्रा मोजून घ्यायची असे. वेळ जेवणानंतरची असते, कारण जिरे, बडीशेप, संत्र्याची साल आणि कडू मुळ्या पचनासाठी दिल्या जात. स्वयंपाकघरात त्याच गुणाचा वेगळा उपयोग होतो: संत्र्याच्या लिक्यूरचे दोन चमचे फळांच्या कापांवर किंवा केकच्या थरावर शिंपडले, तर मद्यार्क उडून जाताना सालीचे सुगंधी तेल मागे राहते. कॅनबेराच्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यातील नाताळाच्या सुमारास मुरत घातलेली चेरीची बरणी जूनच्या गोठवणाऱ्या रात्री उघडली जाते, तोवर फळे फिकी पडलेली असतात आणि त्यांचा रंग द्रवात उतरलेला असतो.