वारं जायच्या आधी

सन १९७०, पावसाळ्याची अखेर. जामखेडहून खर्ड्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीवर तुम्ही उभे आहात. पहाटेचा अंधार, गोठ्यात बैलांची चुळबुळ. धारेला उठलेल्या आबांच्या हातून चरवी सुटते आणि ते तिथंच कलंडतात. सून धावत येते. "मामंजी, काय होतंय?" आबांना सांगायचं असतं, पण तोंड एकीकडं ओढलेलं आणि शब्द घशातच घरघरतो. उजवा हात लुळा पडलेला. मुलगा त्यांना उचलून बाजेवर घालतो. शेजारची म्हातारी एका नजरेत ओळखते, "अंगावरनं वारं गेलं गं."

तुम्ही ज्या काळातून आलात तिथं याला स्ट्रोक म्हणतात आणि तेच तुमचं काम आहे. धोरणांचे मसुदे, संशोधनाचे प्रस्ताव, रुग्णांच्या बाजूनं मंत्रालयात दिलेली निवेदनं. सवयीनं तुमची नजर मनगटाकडं जाते. किती वाजता पडले? शेवटचे धडधाकट कुणी पाहिले? पण इथं घड्याळ बघून काही हाती लागणार नाही. मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला हे दाखवणारं सीटी स्कॅनचं यंत्र अजून एकाही रुग्णावर चाललेलं नाही. पहिला रुग्ण त्यात झोपेल तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातल्या इस्पितळात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला अजून पाव शतक आहे. वस्तीवरचं कुणी अंगारा काढतं, कुणी पारव्याचं रक्त चोळायला म्हणून पारवा धरायला निघतं. त्यांना नावं ठेवू नका. मुंबईतल्या नामांकित डॉक्टरकडंही त्या पहाटे आबांसाठी शुश्रूषेपलीकडं फारसं काही नाही.

म्हणून आणखी मागं जा. पाच-सात वर्षं पुरेत.

जामखेडचा आठवडे बाजार भरलाय. आबा पाठीवर जोंधळ्याचं पोतं घेऊन चालतात, मान ताठ, आवाज खणखणीत. अधूनमधून डोकं दुखतं, एवढंच. तुम्ही त्यांना झाडाखाली बसवता आणि दंडाला पट्टा बांधता. १८०/११०. पुन्हा मोजता, तेवढंच. त्या पहाटे जे कोसळलं ते आजच त्यांच्या रक्तवाहिन्यांत सुरू आहे. आबांना पत्ता नाही, कारण दुखत नाही, अडत नाही. तुम्ही मनगटावर ज्या घड्याळाकडं बघत होतात ते उशिरा सुरू झालेलं घड्याळ होतं. खरं घड्याळ इथं, भर बाजारात चालू आहे आणि ते कुणी बघत नाही.

आबांचा खालचा आकडा ११०. नेमक्या असल्याच माणसांवर अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्रीस निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांतून अभ्यास करत होते. खालचा रक्तदाब ९० ते ११४ असलेले ३८० पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९७० साली निष्कर्ष छापून आले तेव्हा औषध नसलेल्या गटात २० जणांना स्ट्रोक आला होता, औषध घेणाऱ्यांत पाच जणांना. म्हणजे आबा पडले त्या वर्षी जगाला उत्तर ठाऊक झालेलं होतं. ते खर्ड्याच्या वाटेवर पोचलेलं नव्हतं, एवढाच फरक.

आणि त्याच १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला येतात. वेल्लोरला शिकलेलं, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केलेलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं हे जोडपं. हजारामागं १७६ अर्भकं दगावणाऱ्या या भागात त्यांना पहिली चिंता लेकरांची. गावोगाव प्रशिक्षित परिचारिका बसवून बघितल्या, जमलं नाही. मग गावानंच आपली बाई निवडायची ठरली.

ती बाई कशी शिकते ते थांबून बघा. बहुतेकींना अक्षर येत नाही, कित्येकी दलित, कुणी टाकलेली, कुणी विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येतात, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवतात, एकत्र झोपतात आणि एकमेकींना शिकवतात. आधी जुलाब, बाळंतपण, कुपोषण. वर्षं सरतात, लेकरं वाचू लागतात, माणसं म्हातारी होऊ लागतात आणि शिकण्याच्या यादीत रक्तदाब आणि मधुमेह येतात. पदर सावरून ती कानाला नळ्या लावते, पारा उतरताना पहिला ठोका ऐकते. मला वाटतं, या जिल्ह्यातलं स्ट्रोकविरुद्धचं सर्वांत मोठं पाऊल हेच. गावाचा तिच्यावर भरवसा आहे, आणि दुखत नसताना रोज गोळी खायला माणूस भरवशावरच तयार होतो.

डिसेंबर १९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध होतो. तीन तासांच्या आत दिलं तर अपंगत्व टळण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते. जामखेडच्या एसटी स्टँडवर उभं राहून हिशोब मांडा: नगर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, वस्तीवरून रस्त्यापर्यंत यायलाच तासभर. पुढं ही मुदत साडेचार तासांवर गेली, २०१४ साली राज्यात १०८ची रुग्णवाहिका आली. त्याच साली हिमाचल प्रदेशानं जिल्हा इस्पितळांतल्या डॉक्टरांना मोबाइलवरून न्यूरॉलॉजिस्ट जोडून दिले आणि इंजेक्शन फुकट दिलं. डोंगरात जे जमलं ते आपल्या माळरानावरही मागायलाच हवं.

पण मधे गडचिरोलीला डोकावून या. २०११ ते २०१३. 'सर्च' संस्थेचे डॉ. योगेश्वर कळकोंडे आणि सहकारी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधताहेत. कार्यकर्ते अंगणात बसून घरच्यांना विचारतात: हात लुळा पडला होता का, बोलणं गेलं होतं का? मृत्यूंत पहिला क्रमांक स्ट्रोकचा, १४.३ टक्के. त्यातले ८७ टक्के लोक घरीच गेले. कुठल्याही इस्पितळाच्या नोंदवहीत ते सापडले नसते.

आता स्वतःच्या काळात या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. तालुक्याच्या आढावा बैठकीत तुम्ही मागच्या खुर्चीवर बसलात. पडद्यावर आकडे सरकतात. तिशीपुढचे किती तपासले, किती जणांत रक्तदाब सापडला. दोन्ही रकाने भरलेले. ज्यांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं आणि टिकलं, त्यांचा रकाना कुठं आहे, असं विचारा. मग चहाच्या वेळी आशाताईंच्या शेजारी बसा. त्या सांगतील, "साहेब, ॲम्लोडिपिन संपून तीन आठवडे झाले. दुकानातनं घ्या म्हटलं, पण म्हातारी माणसं घेत नाहीत. दुखतंय कुठं, म्हणतात."

हे वहीत टिपून घ्या. साठा कुठल्या टेबलावर अडला, मागणी कुणी आणि कधी पाठवायची असते, लांबच्या वस्त्यांना तीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांच्या गोळ्या एकदम देता येतील का, हे विचारायला त्याच दुपारी निघा.