चार ओळींचा वारसा

रुबी भाषेत सिनात्रा वापरून चार ओळी लिहिल्या की वेबसाइट चालू होते. पहिली ओळ सिनात्राला बोलावते, दुसरी पत्ता सांगते, तिसरीत उत्तराचा मजकूर असतो, चौथी काम संपवते. ब्लेक मिझरानी यांनी हे फ्रेमवर्क २००७ मध्ये आणलं. त्याआधीची चौदा वर्षं पाहिली की एवढ्या थोडक्यात भागतं कसं, ते उलगडतं.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात सीजीआय ही पद्धत ठरली. विनंती आली की सर्व्हरने एक प्रोग्रॅम चालवायचा आणि तो जे छापेल ते ब्राउझरकडे पाठवायचं. पर्लमधली एक फाइल पुरायची. पण दर विनंतीला नवी प्रोसेस सुरू व्हायची, म्हणून वर्दळ वाढली की सर्व्हरला धाप लागायची. पत्ते ओळखणं, फॉर्म वाचणं, एचटीएमएल जुळवणं हेही ज्याचं त्यानेच करायचं.

यावरचे उपाय जड निघाले. १९९९ च्या अखेरीस सन कंपनीचं जावासाठीचं जे२ईई आलं, पाठोपाठ जावाचंच स्ट्रट्स. कोणता पत्ता कोणत्या क्लासकडे जाईल, हे एक्सएमएल फाइलमध्ये लिहावं लागे. मोठ्या टीमला ती शिस्त उपयोगी होती, पण एका पानासाठी अनेक फाइलींना हात लावावा लागायचा. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या अॅपच्या कामातून रुबीचं रेल्स हे फ्रेमवर्क वेगळं काढलं. नावांचे संकेत पाळा, कॉन्फिगरेशन लिहू नका, हा त्याचा आग्रह. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात घडलेलं पायथॉनचं जँगो २००५ मध्ये सर्वांना खुलं झालं. दोघांनीही लिहिण्याचे कष्ट कमी केले, पण डेटाबेसपासून टेम्प्लेटपर्यंत सगळा संसार सोबत दिला.

माझ्या मते हलक्या फ्रेमवर्कचं मूळ एका कराराच्या मसुद्यात आहे. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी पायथॉनसाठी डब्ल्यूएसजीआय मांडलं. सर्व्हर आणि अॅप्लिकेशन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, एवढंच त्यात होतं. २००७ मध्ये लिया नॉयकिर्शन यांनी रुबीसाठी रॅक लिहिलं. रॅकच्या लेखी अॅप्लिकेशन म्हणजे विनंतीची माहिती घेऊन तीन गोष्टी परत देणारी वस्तू: स्टेटस, हेडर आणि मजकूर. आता फ्रेमवर्क लिहिणाऱ्याला सर्व्हरची काळजी उरली नाही. पत्ता आणि त्याचं उत्तर यांची गाठ मारून दिली की त्याचं काम झालं.

किती कमी पुरेल याचा शोध आधीच सुरू झाला होता. 'व्हाय द लकी स्टिफ' या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने २००६ मध्ये कॅम्पिंग हे फ्रेमवर्क चार किलोबाइटच्या आत बसवलं. त्याच वर्षी आरोन स्वार्ट्झ यांचं पायथॉनमधलं वेब.पीवाय खुलं झालं. रेडिट तेव्हा त्यावर चालत होतं. २००९ मध्ये मार्सेल हेलकांप यांचं बॉटल आलं, तेही एकाच फाइलमध्ये. १ एप्रिल २०१० रोजी आर्मिन रोनाखर यांनी अशा एकफाइली फ्रेमवर्कांची थट्टा म्हणून 'डिनाइड' प्रसिद्ध केलं. लोकांनी ते मनावर घेतलं, आणि त्याच महिन्यात त्यांनी फ्लास्क आणलं. एका फाइलचा हट्ट त्यांनी सोडला. पत्ते आणि विनंत्या सांभाळायला वर्कझोइग, टेम्प्लेटसाठी जिंजा, या आपल्याच दोन लायब्ररींवर फ्लास्क उभं केलं. डेटाबेसचा थर मात्र जाणूनबुजून दिला नाही. जावास्क्रिप्टच्या नोड.जेएसमध्ये सिनात्राचाच वारसा घेऊन एक्सप्रेस त्याच वर्षी आलं.

म्हणून साधेपणा ओळींच्या संख्येवर मोजू नये. काही काम खालचा करार उचलतो, काही शेजारची लायब्ररी. उरलेले निर्णय वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात: डेटाबेस कोणता, लॉगिन कसं, फॉर्मची तपासणी कुठे. फ्लास्कच्या छोट्या अॅपमध्ये हे मोकळेपण सुखाचं असतं. अॅप वाढलं की तेच निर्णय एकेक करून घ्यावे लागतात, आणि ते नीट घेणाऱ्यालाच हलकं फ्रेमवर्क फळतं. असं फ्रेमवर्क घडवणाऱ्याने म्हणूनच आपण काय देत नाही, ते पहिल्या पानावर स्पष्ट लिहावं.