लढाईवरून परतलेले वकील

साल १९४५. महायुद्ध संपलं, अमेरिकेतले कितीतरी वकील लष्करी गणवेश उतरवून परत ऑफिसात बसले. बघतात तर काय, टॅक्सचे कायदे पार बदललेले! १९४३ पासून तर कर थेट पगारातूनच कापला जात होता. आता अशिलाला सांगायचं काय?

न्यूयॉर्कची प्रॅक्टिसिंग लॉ इन्स्टिट्यूट १९३३ पासून वकिलांचे वर्ग घेत होतीच. १९४७ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन आणि अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटनं मिळून देशभर हे काम सुरू केलं. पण यायचं की नाही, ज्याची त्याची मर्जी. आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो कशाला येतोय! (पालकसभा आठवा.) शेवटी १९७५ मध्ये मिनेसोटा राज्यानं सक्ती केली: तीन वर्षांत ४५ तास.

आपल्याकडे १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनद टिकवायला अशी तासांची अट नाही. आणि १ जुलै २०२४ ला १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ झालं १०३, आपलं लाडकं ४२० झालं ३१८. गुन्हा ३० जूनचा असेल तर जुनी कलमं, दुसऱ्या दिवशीचा असेल तर नवी. कोठडीतल्या माणसानं आपल्या वकिलाला हे ठाऊक आहे की नाही, ते तपासायचं कुठे?