फोटोतली कुरडई कोणाची?

मागच्या उन्हाळ्यात अमडापूरच्या आमच्या घरी तीन पार्सलं परत आली. आत आईच्या बचत गटाच्या कुरडया होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून तो शिजवून, सोऱ्यातून पाडून धाब्यावर वाळवलेल्या. दोन गिऱ्हाइकांनी कारण एकच लिहिलं होतं : फोटोत आहे तसं नाही.

गिऱ्हाइकांचं चुकलं नव्हतं. ऑनलाइन विकायची हौस माझी, आणि फोटोही मीच टाकला होता. आमच्या कुरडयांचे मोबाइलवर काढलेले फोटो पिवळट, मळकट दिसत होते, म्हणून मी इंटरनेटवरून एक झकास फोटो उचलला. टम्म फुललेली, तळलेली, पांढरीशुभ्र कुरडई. घरी पोचली ती वाळलेली आणि तळहाताएवढी. आईनं परत आलेली पाकिटं कोठीत ठेवली आणि एवढंच विचारलं, "मंग फोटोतली कुरडई कोनाची हाय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपण वस्तूंचे फोटो बघून विकत घ्यायला कधी लागलो, आणि त्या फोटोवर विश्वास का ठेवायला लागलो, हे मी वाचत सुटलो.

सुरुवात आमच्याच रस्त्यावर सापडली. अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावर आहे आणि खामगाव ही कापसाची जुनी पेठ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये तर कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. त्या बाजारात चित्राचं काही काम नव्हतं. व्यापारी गाडीतून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघायचा आणि भाव बोलायचा. पारख हातात होती.

भारतातला कापूस जहाजानं मँचेस्टरला जायचा आणि तिथल्या गिरण्यांचं कापड होऊन इथल्या बाजारात यायचा. त्या कापडाच्या ठाणावर रंगीत छापील चित्र चिकटवलेलं असे. कधी देव, कधी हत्ती, कधी वाघ. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईकही त्यावरून माल ओळखायचं : मागच्या वेळी हत्तीचं घेतलं, ते टिकलं, यंदाही हत्तीचंच द्या. गंमत अशी की चित्रात कापड नसायचंच. असायची गरजही नव्हती, कारण कापड चित्राच्या खालीच होतं. बोटांनी चाचपता येत होतं. चित्र ही फक्त ओळखीची खूण होती.

खरी पंचाईत झाली ती वस्तू हातातून गेल्यावर, म्हणजे माल एका गावात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावात असताना. आता चित्राला खुणेचं नाही, साक्षीदाराचं काम करायचं होतं.

फोटोग्राफी तेव्हा मुंबईत पोचलेली होती. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पण फोटो अक्षरांच्या शेजारी छापता येत नव्हता. छपाईत शाई असते किंवा नसते, मधली करडी छटा नसते. पुढे हाफटोनची युक्ती निघाली : फोटोचे बारीक-जाड ठिपके करायचे आणि धातूचा ब्लॉक बनवायचा. तोवर जाहिरातीतली वस्तू चित्रकारालाच काढावी लागे.

आपल्याकडचा एक मोठा उद्योग चित्रकलेच्याच वर्गातून निघाला, हे मला त्या वाचनात कळलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपवताना त्यांच्या नाकी नऊ आले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. पुढे गाजलेलं हे मासिक सुरुवातीला कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर लोकांपर्यंत नेण्यासाठी होतं. शंकरराव स्वतः चित्रकार होते. माल बनवणं हे एक काम आणि तो न पाहिलेल्या माणसापर्यंत पोचवणं हे दुसरं, आणि दुसऱ्यालाही शिकलेला माणूस लागतो, हे त्या घरानं ओळखलं होतं.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती एका मटाराची गोष्ट.

दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. पुढे ते ब्लॉक बनवणं आणि छपाईत शिरले, १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले. १९१२ मध्ये लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडे कल्पना होती, भांडवल नव्हतं. सावकाराला दाखवायचं काय? सिनेमा तर अजून बनलाच नव्हता. त्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर बघणाऱ्याला मिनिटभरात बी फुटून वेल चढताना दिसली. 'अंकुराची वाढ'. ती पाहिल्यावर त्यांना कर्ज देणारे भेटले. घरातले दागिनेही गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

फाळक्यांनी दुसऱ्याच्या सिनेमाचे तुकडे दाखवून पैसे मागितले नाहीत. आपल्याच कुंडीतला मटार दाखवला.

मी मात्र दुसऱ्याच्या कढईतली कुरडई दाखवली होती.

मग मी गटाच्या बैठकीत म्हटलं, फोटोग्राफर बोलावू. लग्नाचे फोटो काढणारा चिखलीचा एक पोरगा दीड हजार मागत होता. बायका गप्प झाल्या. एक काकू म्हणाल्या, "दीड हजारात किती गहू येते, मालूम हाय?" त्यांचं बरोबर होतं. तो पैसा पाकिटामागे चार-पाच रुपये वाचवून साठलेला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आईच म्हणाली, "परत आलेल्या पार्सलाचं भाडं पन आपणच भरलं ना."

तो आला तेव्हा त्यानं आधी ट्यूबलाइट बंद करायला लावली. पांढऱ्या कुरडईवर कॅमेरा फसतो, तो म्हणाला. कॅमेऱ्याला सगळं मध्यम करडं करायची सवय असते, म्हणून पांढरं मळकट येतं, त्याला मुद्दाम जास्त उजेड द्यावा लागतो. माझे फोटो पिवळे का यायचे, तेही कळलं. त्यानं खिडकीजवळ काळी घोंगडी अंथरली, समोरून थर्माकोलचा तुकडा धरला. आडव्या उजेडात कुरडईचा एकेक धागा उठून दिसला. जवळून मोबाइल धरला की वस्तू फुगते, म्हणून तो लांब सरकला. एका फोटोत वाळलेली आणि तळलेली शेजारी शेजारी ठेवली. एका फोटोत आईच्या तळहातावर एक कुरडई, म्हणजे आकार सांगायलाच नको.

मला वाटलं होतं, आपण वस्तू सुंदर करायचे पैसे देतोय. त्यानं दोन तास घालवले ते ती आहे तशी दिसावी म्हणून.

शेवटी तो पसरलेल्या कुरडयांतल्या मोडक्या बाजूला काढायला लागला. आईनं त्याचा हात अडवला. "एखादी तुटकी राहू दे. पार्सलात तुटतेतच."

ऑर्डरींचा पाऊस काही पडला नाही. महिन्याला दहा-बारा पाकिटं जातात. पण दिवाळीपर्यंत एकही परत आलं नाही. जुन्या दोघांपैकी एका गिऱ्हाइकानं पुन्हा मागवली. आईनं तिच्या पाकिटात मूठभर चुरा वेगळा बांधून टाकला, भाजीत घालायला.