तबकडीवरची हजेरी

जॅझच्या जुन्या तबकड्या जमवणारा माणूस संगीत ऐकतोच. पण त्याआधी तो लेबल वाचतो. कंपनीचे नाव, तबकडीचा क्रमांक, वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, एवढ्या खुणांवरून ती कोणत्या मुद्रणातली हे बहुधा ठरवता येते. पाश्चात्त्य देशांत जॅझचा इतिहास बऱ्याच अंशी अशा संग्राहकांनीच उभा केला. फ्रान्सच्या शार्ल दलोने यांनी १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीवर ट्रम्पेट कोणाचा, पियानोवर कोण, याची ती सूची होती. मुंबईतही त्या वर्षी जॅझ वाजत होता, मुद्रितही होत होता. आपल्या वादकांची अशी हजेरी मात्र त्या काळी कोणी मांडली नाही.

१९३५ साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यातल्या क्रिकेट स्मिथ या ट्रम्पेटवादकाने १९३६ साली स्वतःच्या संचासह ‘ताजमहाल’ हा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील आपल्या पुस्तकाला ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे नाव दिले, ते त्यावरूनच. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या हाताखाली फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे तरुण वाजवू लागले. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे ही मुले समोर ठेवलेला कागद पाहून थेट वाजवू शकत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ तर ‘चिक चॉकलेट’ या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले.

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या नृत्यसंध्यांचा बहर ओसरू लागला. वादकांना चित्रपटांत काम होते. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांना या मंडळींचे मोल कळले होते. ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते आणि एका गाण्यात तर ते आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. हिंदी गाण्यातला ट्रम्पेटचा झोत, सॅक्सोफोनची लकेर, व्हायोलिनचा भरणा हा या माणसांचा हात आहे.

आता त्याच गाण्याची तबकडी हातात घ्या. चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे लेबलावर आहेत. वादक नाहीत. हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध करून गाण्यांची मोठी नोंद केली. पण जे लेबलावर किंवा चित्रपटाच्या नामावलीत नाही, ते कोशात कुठून येणार? ग्रेगरी बूथ यांनी हयात वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले, ते २००८ साली. तोवर चिक चॉकलेट यांना जाऊन चार दशके झाली होती.

मी मोहन्यात राहतो. आमच्याकडे एनआरसीच्या कारखान्यात रेयॉनचे सूत निघे. बाजारात ते कंपनीच्या नावाने जाई. ते कोणत्या पाळीत कोणी काढले, हे फक्त मस्टरला ठाऊक. २००९ साली कारखाना बंद पडला. आता मागचे काही विचारायचे तर लोकांच्या आठवणी आणि घरात राहिलेले कागद एवढाच आधार उरला आहे. म्हणून चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर तबकड्या चाळताना मी सर्वांत आधी वादकांची नावे शोधतो. वाद्यसंगीताची तबकडी हेच या वादकांचे मस्टर आहे.

७८ फेऱ्यांची दहा इंची लाखेची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजे. तिला साधे कागदी पाकीट असे आणि जे काही छापायचे ते वीतभरही नसलेल्या गोल लेबलावर. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग प्ले आणली. तिच्याबरोबर बारा इंची पुठ्ठ्याचे कव्हर आले आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहायला जागा झाली. शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची ‘राग जॅझ स्टाइल’ घ्या. तोडी, भैरव, मालकंस धरून तीत अकरा राग आहेत. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, गिटारवर दिलीप नाईक. यांतल्या अनेकांनी चित्रपटगीतांत उदंड वाजवले. नावानिशी ते भेटतात ते इथे. तबकडी खराब असेल तर संग्राहक तिची किंमत पाडतात. मला मात्र ओरखडे पडलेली तबकडीही चालते, कव्हर शाबूत असले म्हणजे झाले. सूर दुसऱ्या प्रतीवरून ऐकता येतात. ओलीने पुठ्ठा कुजला की नावे गेली.

आमच्या कोकणपट्टीच्या हवेत हा धोका दर पावसाळ्यात असतो. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. किंचित ओलसर सुती कापड पुरते आणि तेही लेबलाला न लावता. घरातली पेटी भंगारवाल्याला द्यायचीच असेल, तर आधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंची आणि कव्हरच्या पाठीची छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक वहीत उतरवावा. कुणी पेनाने काही लिहिले असेल तर तेही. संग्राहक ज्याला डाग म्हणतो, ते एखाद्या वादकाचे नाव असू शकते.