कमरेची पिशवी आणि सातबारा

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवळाचा इतिहास असावा हें योग्यच आहे. परंतु ज्या हातांनीं देवळाची वर्गणी मोजून दिली, त्यांचाही थोडा इतिहास आम्ही येथें देतों.

कुंडलिकेच्या मुखाशीं असलेला कोर्लईचा गड पोर्तुगीजांनीं 1594 सालीं घेतला व 1740 सालीं तो मराठ्यांकडे गेला. पायथ्याशीं राहिलेले ख्रिस्ती लोक अद्याप पोर्तुगीजमिश्र बोली बोलतात. त्यांची भाषा व शेजारच्या कोळ्यांची भाषा निराळी, पण घरची रीत पुष्कळशी एकच: होडी व वाडी पुरुषाची, बाजार बाईचा. मासळी किनाऱ्यास लागली कीं पुढचें सारें तिचें. वाटे घालणें, गिऱ्हाईक ओळखून भाव सांगणें, उधारी ध्यानांत ठेवणें, पावसाळ्यासाठीं बोंबील वाळविणें. पैसा तिच्या कमरेच्या पिशवींत. नवऱ्यास तंबाखूपुरते पैसेही तिच्याकडेच मागावे लागत. म्हणून कोळीण ही घरची मालकीण, असें लोक म्हणत आले, व आम्हीही व्यासपीठावरून तसेंच सांगत आलों.

आमची चूक आम्हांस मरणाच्या घरीं कळली. जिनें तीस वर्षें हिशेब राखला, तिचें नांव होडीच्या कागदावर नाहीं, घरपट्टीवर नाहीं, सातबाऱ्यावर नाहीं! त्यांतच यांत्रिक होड्या आल्या, बर्फांतली मासळी मुंबईच्या ससून गोदीकडे जाऊं लागली, आणि लिलावाचा पैसा पुरुषाच्या हातीं पडून पिशवीही हलकी झाली.

याचा दोष कायद्याला देतां येत नाहीं. 1865 च्या व पुढें 1925 च्या वारसा कायद्यानें, मृत्युपत्र नसेल तर, मुलेंबाळें असलेल्या ख्रिस्ती विधवेस तिसरा हिस्सा मिळतो. बाकींत मुलगा व मुलगी समान. त्रावणकोरांत 1916 च्या कायद्यानें मुलीस भावाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा 5000 रुपये, यांपैकीं कमी असेल तेंच मिळे. मेरी रॉय यांच्या दाव्यांत 1986 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रीत मोडली. तेथील भगिनींस जें भांडून मिळालें, तें आमच्या मुलींस आयतेंच होतें. पण माहेर तुटूं नये म्हणून त्या हक्कसोडपत्रावर सही करीत आल्या आहेत.

अशी सही करण्यापूर्वीं एक बहीण आमच्याकडे आली होती. तिनें एवढेंच विचारलें, “फादर, सही नाहीं केली तर नाताळला भाऊ बोलावील का?” आम्ही तिला बसावयास सांगितलें, उत्तर मात्र आमच्यापाशीं नव्हतें.